पत्नी हयात नसल्यास

गोविंदा वाढई मारेगावच्या एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर बसायचा. म्हणजे पंचेचाळीस माणसांच्या रजा त्याच्या हातात होत्या. मंजूर करायचे साहेब; पण अर्ज साहेबांपर्यंत जाऊ द्यायचा की नाही, ते गोविंदा ठरवायचा. अकरा वर्षांत त्याच्या टेबलावरून एकही अपुरा अर्ज वर गेला नव्हता. बापाच्या तेरवीसाठी रजा मागणाऱ्या एका शिपायाकडून त्यानं बापाच्या मृत्यूचा दाखला मागितला होता आणि दाखल्यावरचा गोल शिक्का अर्धाच उमटला होता म्हणून तो परतही केला होता. यात त्याला दुष्टपणा वाटत नसे. कागद पूर्ण असला की माणसाला त्रास होत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं, आणि ते खोटं ठरावं असं त्याच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला कधी काही घडलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी त्याची बायको ममता आठव्या महिन्यातच बाळंत झाली आणि त्याच दिवशी संध्याकाळी गेली. मुलगी झाली होती, एक किलो तीनशे ग्रॅमची. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून ती एक किलो सहाशे झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोविंदाला आत बोलावलं, शर्टाची बटणं काढायला लावली, उघड्या छातीवर पोरगी उभी ठेवली आणि वरून फडकं गुंडाळून गाठ मारली.

“आता हीच पेटी समजा. जितके तास जमतील तितके. दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध. अडीच किलो होईपर्यंत अंग गार पडू द्यायचं नाही. घरी बाई कोण आहे?”

“आई आहे. पण तिले टीबीच्या गोळ्या सुरू आहेत.”

“मग तिला जवळही येऊ देऊ नका. तुम्हीच.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना गोविंदा मनातल्या मनात रजेचा हिशोब करत होता. ममताला सहाव्या महिन्यापासून आडवं राहायला सांगितलं होतं, त्यात त्याची सगळी रजा खर्ची पडली होती. उरले होते नऊ दिवस. बिनपगारी रजा मिळाली असती. पण घरात पगार एकच, आणि दूध-औषधं बिनपगारी मिळत नाहीत. मात्र गोविंदा निर्धास्त होता, कारण त्याला नियम पाठ होता. मुलं सांभाळण्यासाठी बायकांना भरपगारी बालसंगोपन रजा मिळते, एकूण एकशे ऐंशी दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. आणि पत्नी हयात नसल्यास पुरुषालाही मिळते. त्याच्या कार्यालयात आजवर एकाही पुरुषानं ही रजा मागितली नव्हती. ही अट कोणी हौसेनं पूर्ण करत नाही.

नऊ दिवस घरी काढून दहाव्या दिवशी तो छातीवर पोरगी बांधून, वरून ढगळ सदरा घालून कार्यालयात आला आणि अर्ज घेऊन साहेबांपुढं उभा राहिला.

साहेब हळहळले. म्हणाले, “वाढई, तुमची केस म्हणजे विषयच नाही. मी आत्ता सही करतो. ही रजा जिल्ह्यावरून मंजूर होते, तेव्हा फक्त टिपणी टाकून वर पाठवा.”

“टिपणी कोण टाकणार, साहेब?”

“टेबल कोणाचं आहे?”

टेबल गोविंदाचं होतं. तेव्हा त्यानं आपल्या जागेवर बसून स्वतःचा अर्ज स्वतःच्या आवकेत घेतला, त्याला धारिका लावली आणि नेहमीप्रमाणं कागद तपासायला सुरुवात केली. जन्माचा दाखला. मुलीच्या नावाची जागा कोरी. आईचं नाव ममता रवी झाडे. वडिलांचं नाव रवी झाडे. मृत्यूच्या दाखल्यावरही मयताचं नाव ममता रवी झाडे, पतीचं नाव रवी झाडे.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. दवाखान्यात ममताला कळा सुरू असताना खिडकीवरच्या माणसानं तिचं आधार कार्ड मागितलं होतं, आणि त्यावर होतं ते नाव उतरवून घेतलं होतं. गोविंदानं तेव्हा दोनदा सांगितलं, “नवरा मी आहे.” खिडकीवरचा म्हणाला, “बदलून आना ना मंग कार्ड.” त्या माणसाच्या जागी गोविंदा असता तर तोही हेच म्हणाला असता.

ममता आधी मुकुटबनच्या रवी झाडेची बायको होती. पाच वर्षं मूल झालं नाही, म्हणून समाजाच्या पाच पंचांनी बसून फारकत केली. शंभराच्या स्टॅम्पवर सह्या, खाली पंचांचे अंगठे. मग दोन वर्षांनी गोविंदानं तिच्याशी पाट लावला. पाट लग्नासारखा नसतो. पोरीचं लग्न एकदाच वाजतगाजत होतं. दुसऱ्यांदा तिला नेतात ते दिवस मावळल्यावर, मागच्या दारानं, पाच माणसांच्या साक्षीनं. मांडव नाही, पत्रिका नाही, वाजंत्री नाही, आणि फोटो तर अजिबात नाही. फोटो काढला तर पहिल्या घराचा तळतळाट लागतो म्हणतात. म्हणून तीन वर्षांच्या संसाराचा एकही कागद गोविंदाजवळ नव्हता. लग्नाची नोंदणी करायला गेलं तर फारकतीचा कोर्टाचा हुकूम मागतात, आणि पंचांचे अंगठे म्हणजे कोर्ट नव्हे.

पण खरी गंमत पुढं होती. अर्जाला सेवापुस्तकाचा उतारा लागतो. कार्यालयातली सगळी सेवापुस्तकं गोविंदाच ठेवायचा, स्वतःचंसुद्धा. त्यानं ते काढलं. वैवाहिक स्थितीपुढं त्याच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: अविवाहित. पाट लागल्यावर तो एकदा ते पान उघडून बसला होता. पण पुरावा नसताना नोंद घ्यायची, हे त्याच्या हातून झालं नव्हतं.

आता त्यानं टिपणीचा कोरा कागद पुढं ओढला. सदऱ्याच्या आत पोरगी एकदा हलली. मग त्यानं पेन उघडलं आणि लिहिलं: ‘अर्जदार कर्मचारी अविवाहित असल्याने त्यांची पत्नी हयात नसण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अर्ज पूर्ततेसाठी परत.’

शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणाऱ्या नाहिद मॅडम वाकून वाचत होत्या. “या अल्ला! वाढई भाऊ, खुद के हात से? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? फाडा तो कागद!”

“मी नाही लिहिलं तं जिल्ह्यावरून लिहून येईन, मॅडम. तिथं एक महिना जाईन.”

मोठे बाबू पुंडलिकराव चहाचा कप घेऊन आले. निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस. सगळ्यांना भानगडींतून वाट काढून दिलेला. त्यांनी धारिका वाचली, कप खाली ठेवला.

“गोविंदा, त्या रवीकून प्रतिज्ञापत्र आन. पोरगी माही नाही, फारकत झाली होती, एवढं लिहून दे म्हना. त्याच्यावर कोर्टात अर्ज टाकू. दाखला दुरुस्त व्हाले साल-दोन साल लागन.”

“पोरगी सोळाशे ग्रॅमची आहे, भाऊ.”

“ते समजलं मले. दुसरं ऐक. कोर्टानं फारकत नाही मानली, तं तू दुसऱ्याच्या लग्नाची बाई घरात ठेवली असं होते. नवरा जिवंत असलेल्या बाईसंग लग्न केलं, तं आपल्यावर विभागीय चौकशी बसते. नियम तुले मी काय सांगू? बायको होती म्हनशीन तं चौकशी. नव्हती म्हनशीन तं रजा नाही.”

“मंग मी काय म्हणू?”

पुंडलिकरावांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. “सध्या काहीच नको म्हनू,” ते म्हणाले.

रविवारी गोविंदा वणीला बस बदलून मुकुटबनला गेला. रवी झाडे पलीकडच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. घराच्या ओट्यावर त्याची आई कांताबाई तुरीची डाळ पाखडत बसली होती.

“कोन होय?”

“मी वाढई. मारेगावचा.”

सूप थांबलं. म्हातारीची नजर त्याच्या सदऱ्याच्या फुगवट्यावर गेली. “सदऱ्यात काय हाय?”

“पोरगी.”

“ममतेची?”

“हाव.”

कांताबाई उठल्या. जवळ येऊन त्यांनी दोन बोटांनी गळ्याजवळचं फडकं बाजूला केलं आणि आत बघितलं. “माय वं,” त्या म्हणाल्या, “उंदरावानी हाय.” मग बोट काढून घेतलं. “माह्या घरात पाच वर्षात तिले दिवस नाही गेले. अन् तुह्या घरी गेले. आता हे दाखवाले आनली काय आमाले?”

रवी आतून बाहेर आला. उंच, पातळ, खिशाला दोन पेनं. त्यानं गोविंदाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ममताबद्दल काहीच विचारलं नाही, नुसता म्हणाला, “मले समजलं होतं. दवाखान्याच्या आशाताईनं सांगतलं.” गोविंदानं काम सांगितलं. रवीनं दाखला हातात घेतला आणि शिक्षक लोक वाचतात तसा ओठ हलवत वाचला. आपल्या नावापाशी तो थांबला, आणि जेवढा वेळ थांबायला हवं होतं त्यापेक्षा जास्त थांबला.

“काय लिहून पाहिजे म्हणता?”

“एवढंच, का ही पोरगी तुमची नाही.”

“म्हंजे माह्या पोरानं स्टॅम्पवर लिहून द्याचं, का त्याच्याच्यानं झालं नाही?” कांताबाई मधेच कडाडल्या. “गाव बोललं, मी आयकून घेतलं. चार पोरी पाह्यल्या याच्यासाठी, चारही घरानं नाही म्हनलं, मी आयकून घेतलं. आता सरकारलेबी लिहून द्याचं?”

“आई, तू चूप बस.” रवीनं दाखला गुडघ्यावर सरळ केला. “वकिलाले विचारून सांगतो. हे कागद ठेवून जाता काय?”

गोविंदा ठेवून गेला. त्याच्या पिशवीत एक जादा संच तयारच होता: जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, दवाखान्याचं कार्ड, बाळाला कशी निगा लागते त्याचं डॉक्टरीणबाईंचं पत्र. सगळं साक्षांकित, क्रमानं लावलेलं, वर अनुक्रमणिका. कागद देताना अर्धवट द्यायचे नाहीत, ही सवय.

पुढचे दोन आठवडे तो पोरगी बांधूनच कार्यालयात बसला. एका वार्ताहरानं फोटो काढला, पेपरात आला: ‘बापाच्या छातीत आईची माया’. साहेबांनी तो व्हॉट्सअॅपच्या सगळ्या गटांवर पाठवला आणि एका वाहिनीला मुलाखतही दिली की आमचं कार्यालय संवेदनशील आहे. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यावरून फोन आला की कार्यालयीन वेळेत हे काय चाललंय. साहेबांनी गोविंदाला आत बोलावलं आणि संवेदनशील आवाजात सांगितलं की उद्यापासून बाळ आणू नका.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोरगी घरी ठेवली. त्याच्या आईनं, इंदूबाईनं, तोंडाला पदर बांधून, हातभर लांबून पहारा करायचा. शेजारच्या संगीतानं दर दोन तासांनी येऊन दूध पाजायचं, असं ठरलं. संगीता बारा वाजता आली आणि दोनला आली. चार वाजता तिच्या घरी पाहुणे आले. पाच वाजता इंदूबाईनं लांबूनच बघितलं की पोरगी हलत नाही. तिला हात लावायची मनाई होती, म्हणून ती आधी ओरडत रस्त्यावर गेली आणि मग परत येऊन मनाई मोडली. पोरीचे पाय मडक्यासारखे गार लागले.

दवाखान्यात ती वाचली. वजन भरलं दीड किलो. डॉक्टरीणबाईंनी वजनाचा आकडा लिहिताना वर बघितलं नाही. “अजून एकदा असं झालं,” त्या म्हणाल्या, “तर मला दाखवायला आणू नका, कारण तेवढा वेळ राहणार नाही.”

गोविंदानं बिनपगारीचा अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, जिल्ह्याचं लक्ष आहे, महिनाअखेर जाऊ द्या. महिनाअखेरीला अकरा दिवस होते.

त्याच आठवड्यात पोरगी दवाखान्यातून घरी आली, आणि शनिवारी सकाळी दहा वाजता, ती गोविंदाच्या छातीवर बांधलेली असतानाच, दारात ऑटो थांबला. रवी झाडे आणि कांताबाई उतरले. रवीनं चप्पल बाहेर काढली, आत येऊन सतरंजीवर बसला आणि एक कागद पुढं केला.

गोविंदानं सवयीनं आधी संदर्भ क्रमांक बघितला. मग विषय. ‘श्री. रवी झाडे, सहायक शिक्षक, यांना बालसंगोपन रजा मंजूर करणेबाबत.’ पत्नीचं निधन. नवजात कन्या. दोन महिने, भरपगारी. सोबत जोडपत्रांची यादी: लग्नाचा दाखला, लग्नपत्रिका, जोडीचा फोटो, सेवापुस्तकातली पत्नीची नोंद, आणि खाली, त्यानंच क्रमानं लावून दिलेले चार कागद. अर्ज केल्यापासून चौथ्या दिवशी मंजुरी. गोविंदानं आदेश दोनदा वाचला. अकरा वर्षांत त्याच्या हाताखालून इतकं निर्दोष प्रकरण गेलं नव्हतं. बोट ठेवायला जागा नव्हती.

“तुम्ही तं वकिलाले विचारणार होते,” तो म्हणाला.

“गेलतो. त्यानंच सांगतलं, लग्न कागदावर हाय तोवर पोरगी माहीच होते. कोर्टबी हेच म्हनन.” रवी सतरंजीच्या सुताशी खेळत होता. “वाढई भाऊ, मी फसवाले नाही आलो. मले पेपरातला फोटो दिसला. मंग संगीताबाईच्या भाच्याकून समजलं, का पोरगी गार पडलती. मले दोन महिने रजा हाय. त्याच्या पुढं उन्हाळ्याच्या सुट्या. जूनच्या शेवटापर्यंत मी घरीच हावो. पूर्ण दिवस. बसूनच राहाचं हाय मले.”

“इथं येऊन बसा मंग.”

“इथं काहून?” कांताबाई म्हणाल्या. “बाप मुकुटबनले, अन् लेक मारेगावले? उद्या शाळेचा केंद्रप्रमुख पाह्याले आला तं काय दाखवाचं त्याले? अन् इथं ही टीबीवाली.”

इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला घराबाहेर काढा असं म्हटलं असतं तर ती त्याच पदरानं निघून गेली असती.

गोविंदा उठून उभा राहिला. “मी तक्रार करीन,” तो म्हणाला. “फारकतीचा कागद आहे माह्याजवळ. पंच जिवंत आहेत. डीएनए करा म्हणीन.”

“करा,” रवी म्हणाला. आवाज चढला नाही. “मले थांबवता येत नाही. तुमी तक्रार केली का माही रजा थांबते, चौकशी लागते. माही अन् तुमचीबी. मी शाळेत जाईन, तुमी हापिसात जासान. मंग हिले कोन धरन?”

हा सवाल गोविंदानं गेल्या महिन्याभरात अनेकांना विचारला होता. उलट त्याला कोणी विचारला नव्हता. बाहेर ऑटोवाल्यानं एकदा भोंगा वाजवला. पोरीचा श्वास त्याच्या गळ्याच्या खाली लागत होता, उष्ण, मोजून घेण्याइतका बारीक.

“लिहून घे त्याच्याकून,” कांताबाई लेकाला म्हणाल्या. “पुढं भांडन नको.”

“लिहून कायले पाहिजे आई?” रवी म्हणाला. “लिहिलेलंच हाय सगळं.”

गोविंदा खाली बसला. “सदरा काढा,” तो म्हणाला.

रवीला क्षणभर समजलं नाही. मग त्यानं खिशातली पेनं बाजूला ठेवली आणि बटणं काढली. छातीवर नुकतीच पावडर मारलेली होती. “ते पुसा. ओल्या फडक्यानं, मंग कोरड्यानं. तिच्या नाकात जाते.” रवीनं पुसलं. गोविंदानं आपली गाठ सोडली, पोरीला मानेखाली हात घालून उचललं आणि समोरच्या छातीवर उभी ठेवली. तिचे पाय बेडकासारखे दुमडले, डोकं एका बाजूला केलं. “तोंड असं राहिलं पाहिजे. खाली झुकलं तं श्वास कोंडते. नखं कापून टाका आजच. दूध पाजताना घाई नका करू, ती मधे झोपते. पायाच्या तळव्याले टिचकी मारा. रडत नाही ती. रडत नाही म्हणून भूक नाही असं समजू नका.”

“हाव.”

“खोकला आला तं तोंड बाजूले करा.”

“हाव भाऊ.”

पोरीनं दोन-तीनदा नाक घासलं, अनोळखी वासावर थोडी थबकली. गोविंदाला वाटलं, आता ती आकांत करेल. तिनं जांभई दिली आणि झोपली. गोविंदानं फडकं गुंडाळलं, पाठीमागं घट्ट गाठ मारली, एक बोट आत सरकतं का ते बघितलं. त्याच्या स्वतःच्या छातीवर घामोळ्यांचा लाल डाग होता, पोरीच्या आकाराचा. त्यावर पंख्याचा वारा लागत होता. सदऱ्याची बटणं लावायची त्याला आठवण राहिली नाही. ती पुढं येऊन इंदूबाईनं लावली.

सोमवारी तो वेळेवर कार्यालयात गेला. साहेबांनी विचारलं, “बाळ कसं आहे?” तो म्हणाला, सोय झाली. साहेब म्हणाले, बघा, सगळं होतं. नाहिद मॅडम आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्या टेबलावर ठेवून गेल्या. दुपारी त्यानं चार रजाअर्ज काढले आणि चारही वर पाठवले. त्यातल्या एकाला दाखलाच जोडलेला नव्हता.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो मुकुटबनला गेला. दर रविवारीच जायचा. ऊन असं होतं की बसच्या खिडकीची सळई धरवत नव्हती. रवीच्या ओट्याला वाळ्याच्या ओल्या तट्ट्या लावल्या होत्या, आतून कूलरचा आवाज येत होता. कांताबाईजवळ शेजारची एक म्हातारी बसली होती, सुखीबाई म्हणून. वाती वळत होती.

“तीन किलो झाली,” कांताबाईंनी तो विचारायच्या आत सांगितलं. “परवा बारसं केलं. रेणू नाव ठेवलं, माह्या सासूचं. दोनशे पान उठलं.”

गोविंदानं मान डोलावली. ममतानं एक नाव ठरवलं होतं. ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“हे कोन पाव्हने?” सुखीबाईनं विचारलं.

कांताबाईंनी पाण्याचा गडू त्याच्या हातात दिला. “मारेगावचे बाबू होत. रवीच्या रजेचं काम याहीनंच केलं. पोरीले पाह्याले येत असते अधेमधे. भला मानूस हाय.”

“हाव काय?” सुखीबाई म्हणाली आणि कौतुकानं त्याच्याकडं बघितलं. “आजकाल कोन करते, बापा, दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढं?”

गोविंदा पाणी प्यायला. “हाव,” तो म्हणाला.

तट्टीची कड सरकवून त्यानं आत बघितलं. रवी भिंतीला टेकून, पाय पसरून बसला होता. पोरगी आता फडक्यात मावत नव्हती. एक हात बाहेर आला होता आणि त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला घट्ट धरून होता. गाल भरले होते. रवीनं त्याला बघून ओठांवर बोट ठेवलं.

“आत्ताच झोपली,” तो कुजबुजला. “उठवू?”

“नको,” गोविंदा म्हणाला.

वणीची बस साडेचारला होती. तोवर तो ओट्यावर बसून राहिला.